आखूड पंखांचा भुंगेरा आणि ‘नवी प्रजाती’ या शब्दांमागचा इतिहास

नाशिकमध्ये पावसाळ्यात सकाळी उठल्यावर मानेवर लालसर, जळजळणारा पट्टा दिसला, की ‘रात्री काहीतरी चावलं’ असे घरोघरी म्हटले जाते. पेडेरस नावाचा काळा-नारिंगी किडा मात्र चावतच नाही. ट्यूबलाइटकडे आलेला हा किडा झोपेत अंगावर चिरडला जातो आणि त्याच्या शरीरातील पेडेरिन हे विष कातडीला लागते. (हे विषही मूळचे त्याचे नव्हे, ते त्याच्या आत राहणारे जीवाणू तयार करतात.)

पेडेरस हा रोव्ह बीटल, म्हणजे स्टॅफिलिनिडी कुळातला भुंगेरा. या कुळात आजवर 60,000 हून अधिक प्रजातींची नोंद झालेली आहे. वरचे कठीण पंख इतके आखूड असतात, की निम्म्याहून अधिक पोट उघडेच राहते; उडण्याचे पातळ पंख मात्र लांब असतात आणि किडा उतरला की पोटाचे टोक वर वळवून ते घडी घालत त्या आखूड झाकणाखाली सारतो. डाव्या आणि उजव्या पंखाची घडीसुद्धा सारखी पडत नाही.

सजीवांना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत रुजवणाऱ्या लिनिअसने 1758 मध्ये यांपैकी मोजक्याच किड्यांना स्टॅफिलायनस या एका प्रजातीसमूहात बसवले. कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने 1775 मध्ये पेडेरस वेगळा काढला आणि कीटकशास्त्रज्ञ लात्रेलने 1802 मध्ये कुळाला नाव दिले. भारतापुरता खरा आधार मिळाला तो ब्रिटिश नौदलातील शल्यचिकित्सक माल्कम कॅमेरून यांच्या या भुंगेऱ्यांवरील ग्रंथमालेमुळे; तिचे खंड 1930 ते 1939 या काळात निघाले. ते आजही टाळता येत नाहीत, पण केवळ त्यांच्यावर विसंबून प्रजाती ठरवणे धोक्याचे आहे, कारण रंग आणि पाठीवरचे बारीक खळगे यांवरून सारखे दिसणारे दोन नर जननेंद्रियाच्या आकारात पूर्ण वेगळे निघतात. भुंगेऱ्यांच्या या अवयवाचा तुलनात्मक अभ्यास शार्प आणि म्यूर यांनी 1912 मध्येच मांडला होता. तीन-चार मिलिमीटरच्या किड्याचे पोट उघडून तो अवयव अलग काढणे हे आता वर्णनाचे जवळपास अनिवार्य अंग झाले आहे.

म्हणूनच नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगराच्या उतारावर ओला पालापाचोळा पांढऱ्या कापडावर चाळून मिळालेला किडा ‘नवा’ आहे, हे तिथल्या तिथे कुणालाच सांगता येत नाही. कॅमेरून यांचे अनेक मूळ नमुने, म्हणजे ज्यांवरून प्रजातीचे पहिले वर्णन झाले ते किडे, लंडनच्या संग्रहालयात आहेत आणि तुलना त्यांच्याशीच करावी लागते. कंदीलपुष्पाच्या एका जातीला अंजनेरीचे नाव मिळालेले आहे. वनस्पती निदान डोळ्यांना दिसते, पाचोळ्यातल्या किड्याला तेवढीही सोय नाही.

प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय नामकरण संहितेनुसार 1999 नंतरच्या प्रत्येक नव्या प्रजातीसाठी मूळ नमुना स्पष्टपणे नेमून द्यावा लागतो. तो कागदाच्या छोट्या त्रिकोणावर चिकटवून टाचणीला लावतात आणि खाली लेबल जोडतात. त्या लेबलवर नुसते ‘नाशिक’ लिहून भागत नाही. डोंगर, उंची, तारीख आणि किडा कोणत्या झाडाखालच्या पाचोळ्यात सापडला तेही हवे, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात तो पुन्हा शोधायला जाणाऱ्याला अख्खा जिल्हा चाळावा लागेल.