चाकातला सेल संपतो तेव्हा

दहा-बारा वर्षे वयाच्या स्पोर्ट्स कारच्या डॅशबोर्डवर एक दिवस पिवळा दिवा लागतो. टायरच्या छेदासारखी आकृती आणि मध्ये उद्गारचिन्ह. पंक्चरवाला चारही चाकांची हवा तपासतो, आकडे बरोबर येतात, तरी दिवा विझत नाही. अशा वेळी हवा ठीकच असते, ती मोजणाऱ्या सेन्सरचे आयुष्य संपत आलेले असते.

दिवा तसाच जळत ठेवून गाडी चालवणारे पुष्कळ आहेत. स्पोर्ट्स कारमध्ये हे धोक्याचे आहे. या गाड्यांचे टायर लो-प्रोफाइल असतात, त्यांची बाजूची भिंत जेमतेम तीन-चार बोटे उंच आणि कडक. साध्या गाडीचा टायर बराच उतरला की बसलेला दिसतो, इथे डोळ्यांना काहीच कळत नाही. शिवाय बऱ्याच मॉडेलांत स्टेपनी नसते, नुसती सीलंटची बाटली आणि छोटा कॉम्प्रेसर असतो.

टायरमधल्या हवेवर लक्ष ठेवणारी ही व्यवस्था, म्हणजे टीपीएमएस, मोटारीत आली तीच स्पोर्ट्स कारमधून, १९८६ सालच्या पोर्शे ९५९ मधून. अमेरिकेत २००७च्या सप्टेंबरपासून आणि युरोपात २०१४च्या नोव्हेंबरपासून ती सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली. त्यातल्या सुरुवातीच्या गाड्यांचे मूळ सेन्सर आता थकलेले आहेत.

चाकातला सेन्सर व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला, रिमच्या खोबणीत बसवलेला असतो. वजन साधारण ३० ग्रॅम. त्यात दाब मोजणारी सिलिकॉनची चकती, तापमापक, चाक फिरतेय की नाही हे ओळखणारा भाग, छोटा रेडिओ आणि लिथियमचा बटणासारखा सेल असतो, आणि हे सगळे रेझिनमध्ये कायमचे बंद केलेले असते. गाडी उभी असली की तो झोपतो. चाक फिरू लागले की साधारण मिनिटाला एकदा आपला क्रमांक, दाब आणि तापमान काही मिलिसेकंदांत पाठवतो. हवा वेगाने उतरू लागली तर जास्त वेळा. हा काटकसरीचा हिशेब पाहण्यासारखा आहे. ६०० मिलिअँपिअर-तासांचा सेल दहा वर्षे पुरवायचा म्हणजे सरासरी ७ मायक्रोअँपिअरपेक्षाही कमी प्रवाहावर काम भागवावे लागते. त्यातून तो जिथे बसतो ती जागा अशी. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर ताशी १०० किलोमीटर वेगाने जाताना रिमजवळच्या वस्तूवर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १६० पट जोर पडतो, म्हणजे ३० ग्रॅमचा सेन्सर तिथे पावणेपाच किलोंचा होतो. शेजारी ब्रेकची उष्णता. त्यामुळे सात ते दहा वर्षे टिकलेला सेन्सर आपले काम चोख बजावून गेला असेच म्हणायला हवे.

सेल एका झटक्यात मरत नाही, म्हणून निदान फसते. वय झाले की सेलचा अंतर्गत रोध वाढतो. झोपेतल्या किरकोळ प्रवाहाला तो पुरतो, पण रेडिओ बोलू लागला की मागणी हजारपटीहून जास्त वाढते, व्होल्टेज कोसळते आणि संदेश अर्धवट राहतो. थंडीत हा रोध आणखी वाढतो. मुंबईत वर्षभर बरा चाललेला सेन्सर जानेवारीत लोणावळ्याच्या पहाटे गप्प होतो आणि ऊन चढल्यावर पुन्हा बोलू लागतो, तो यामुळे. असा एकदा गप्प झालेला सेन्सर फार दिवस काढत नाही.

निदान करताना आधी गेज, मग दिवा. सकाळी गाडी हलवण्यापूर्वी, गार टायरवर, स्वतःच्या चांगल्या डिजिटल गेजने मोजावे. पंपावरच्या गेजमध्ये २-३ पीएसआयचा फरक सहज असतो. आकडे दाराच्या चौकटीवरच्या किंवा इंधनाच्या झाकणामागच्या तक्त्याशी ताडावेत. पुढचा आणि मागचा दाब वेगळा असतो, तेव्हा सगळीकडे ३३ भरून मोकळे होऊ नये. मग दिव्याची वागणूक पाहावी. अमेरिकी नियमानुसार बनलेल्या गाड्यांत इंजिन चालू करताच दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला तर यंत्रणेत बिघाड आहे, आल्या आल्या स्थिर राहिला तर हवा कमी आहे. चाकागणिक आकडा दाखवणाऱ्या गाड्यांत मुक्या चाकाच्या जागी नुसत्या आडव्या रेघा दिसतात.

एकच चाक मुके असेल तर संशय सेन्सरवर. चारही एकाच दिवशी मुके झाले तर सेन्सर विकत घ्यायला धावू नये, कारण चार सेल एकाच सकाळी संपत नाहीत. तिथे फ्यूज, रिसीव्हर आणि चाकाच्या कमानीत अँटेना असेल तर तिचा कनेक्टर तपासावा. साचलेल्या पाण्यातून एकदा गाडी गेली की त्या कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात. सिगारेट लायटरमध्ये खोचलेला स्वस्त यूएसबी चार्जर किंवा डॅशकॅमसुद्धा रेडिओत इतकी खरखर करतो की सेन्सरचा क्षीण आवाज बुडून जातो. दोन्ही काढून अर्धा तास गाडी चालवावी, पैसे लागत नाहीत. त्यानंतर टीपीएमएस स्कॅनर. व्हॉल्व्हजवळ टायरच्या भिंतीला लावला की तो १२५ किलोहर्ट्झचा इशारा देऊन सेन्सरला जागे करतो आणि त्याचा क्रमांक, दाब, तापमान आणि बऱ्याचदा सेलची स्थिती वाचतो. जो उत्तर देत नाही तो गेला.

मुंबईत सेलच्या आधी व्हॉल्व्हची दांडीच जाते, असेही होते. अनेक सेन्सरांची दांडी अॅल्युमिनियमची असते आणि तिच्यातली हवा रोखणारी पिन निकेलचा मुलामा दिलेली, रुपेरी असते. पंक्चरवाला कधी तिथे साधी पिवळी पितळी पिन घालतो. खारट दमट हवेत पितळ आणि अॅल्युमिनियम एकमेकांना लागले की सूक्ष्म विद्युतघट तयार होतो आणि त्यात अॅल्युमिनियम खाल्ले जाते. पांढरी भुकटी दिसते, पिन आत घट्ट अडकते आणि पुढच्या वेळी हवा भरताना दांडीच हातात येते. शोभेच्या धातूच्या टोप्या याच कारणाने अडकतात, म्हणून टोपी प्लास्टिकची हवी. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी दर दोन-तीन महिन्यांनी दांडीच्या मुळाशी साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. कॉम्प्रेसरच्या टाकीत साठलेले पाणीही टायरमध्ये जाते. टाकीचा नळ रोज सोडणारा टायरवाला धरून ठेवण्यासारखा.

बदलायचे ठरले तर एकच बदलू नये. चारही सेल एकाच वयाचे असल्याने उरलेले तीन मागोमाग जातात आणि दर वेळी टायर उतरवण्याची मजुरी पडते. नवे टायर घालतानाच चारही सेन्सर बदलावेत. जुना सेन्सर तूर्त ठेवायचा असेल तरी रबरी सील, वॉशर, नट, पिन आणि टोपी हा संच टायरबरोबर नवा घालावाच. खरेदीआधी फ्रिक्वेन्सी पाहावी. युरोपीय बाजाराच्या गाड्या ४३३ मेगाहर्ट्झवर बोलतात, अमेरिकी बाजाराच्या अनेक गाड्या ३१५ वर. दिसायला दोन्ही सेन्सर सारखे असतात. कुर्ला सीएसटी रोडवर किंवा ऑनलाइन घेताना जुन्या सेन्सरवर छापलेला भाग क्रमांक जुळवून घ्यावा. प्रोग्राम करता येणारे युनिव्हर्सल सेन्सर मिळतात. त्यांत जुन्या सेन्सरचा क्रमांक उतरवला की गाडीला बदल कळतच नाही आणि नव्याने ओळख करून द्यावी लागत नाही. सेल मेलेला असला तरी क्रमांक सेन्सरच्या अंगावर छापलेला असतो, म्हणून जुने सेन्सर फेकण्याआधी फोटो काढून ठेवावा.

सेन्सर सर्वाधिक मोडतात ते टायर उतरवताना. बीड, म्हणजे टायरची रिमला घट्ट बसलेली कडा, सोडवणाऱ्या मशिनचा फाळ व्हॉल्व्हपासून निदान पाव फेरा दूर लावायला सांगावे, आणि पहार सेन्सरच्या बाजूने घालू देऊ नये. नट बहुधा ४ ते ८ न्यूटन-मीटरमध्ये बसतो, नेमका आकडा सेन्सरच्या कागदावर असतो. हाताच्या अंदाजाने आवळला की मऊ आटे जातात. शेवटी बॅलन्सिंग. पंक्चरसाठी सीलंट वापरले असेल तर ते सेन्सरचे बारीक छिद्र बुजवते, ते आधी पुसून काढावे.

रेझिन कोरून नवा सेल जोडण्याचा उद्योग काही जण करतात. साधा सीआर२०३२ सेल ६०-७० अंशांपुढच्या उष्णतेसाठी बनवलेला नसतो, आणि टाका १६० पट जोराखाली टिकला पाहिजे. तेवढ्यासाठी चाकाशी खेळ करू नये. चारही सेन्सर पीव्हीसी पाइपमध्ये हवा भरून डिकीत ठेवण्याची युक्ती तर सरळ घातक आहे. दिवा विझतो, आणि टायर रिकामा झाला तरी विझलेलाच राहतो. रिसीव्हरच गेला असेल आणि खर्च परवडत नसेल तर व्हॉल्व्हवर टोपीसारखे बसणारे सेन्सर बरे, पण ते पिन सतत दाबून धरतात, त्यामुळे तिथून हवा झिरपते का ते पाहत राहावे.

नवे सेन्सर घातल्यावरही एक विसंगती गोंधळात टाकते. मुंबईत ३३ अंशांना ३६ पीएसआय भरलेला टायर महाबळेश्वरच्या १० अंशांच्या पहाटे जवळपास ४ पीएसआयने उतरतो. हा वायूचा नियम आहे, नायट्रोजन भरला तरी तोच. पण हातातला गेज तिथे सेन्सरपेक्षा सुमारे २ पीएसआय जास्त दाखवू शकतो. सेन्सर निर्वातापासूनचा दाब मोजतो आणि गाडी त्यातून समुद्रसपाटीच्या हवेचा दाब वजा करून आकडा दाखवते, गेज जागेवरच्या बाहेरच्या हवेच्या तुलनेत मोजतो, आणि १,३५० मीटर उंचीवर बाहेरची हवाच विरळ असते. दोघेही बरोबर असतात. काही गाड्या हा फरक आपोआप भरून काढतात.

क्रमांक उतरवलेले नसतील तर गाडीला नव्या सेन्सरची ओळख करून द्यावी लागते. काही मॉडेलांत ते स्कॅनरनेच होते, बाकीच्यांत ताशी ३० किलोमीटरच्या वर, न थांबता, दहा-वीस मिनिटे चालवून. मुंबईत यासाठी रविवारी पहाटेचा ईस्टर्न फ्रीवे गाठावा. परतल्यावर पुढच्या डाव्या चाकातली ३-४ पीएसआय हवा सोडावी, गाडी पुन्हा थोडी फिरवावी, आणि डॅशबोर्डवर त्याच चाकाचा आकडा उतरतो का ते पाहावे. दुसऱ्याच चाकाचा उतरला तर जागा अदलाबदल झाल्या आहेत, आणि ओळख पुन्हा करून द्यावी लागेल.