हवेवर तोललेलं छप्पर: मिनियापोलिसच्या मेट्रोडोमची पार्श्वभूमी

मिनेसोटा व्हायकिंग्ज हा अमेरिकन फुटबॉलचा संघ 1961 पासून मिनियापोलिसजवळच्या ब्लूमिंग्टनच्या उघड्या मैदानावर खेळत असे. तिथला डिसेंबर म्हणजे हाडं गोठवणारी थंडी. बंदिस्त स्टेडियमची मागणी त्यातूनच आली. घुमट ही कल्पना तेव्हा नवी नव्हती. ह्यूस्टनचं ॲस्ट्रोडोम 1965 मध्येच उभं राहिलं होतं, पण त्याचा घुमट पोलादी सांगाड्याचा, म्हणजे महागडा. स्वस्त पर्याय अभियंता डेव्हिड गायगर यांच्याकडे होता: पोलादी दोरांच्या जाळीत बसवलेलं कापड आणि त्याला खालून हवेचा आधार. ओसाकाच्या 1970 च्या जागतिक प्रदर्शनातल्या अमेरिकी दालनावर हे तंत्र यशस्वी झालं. 1975 मध्ये मिशिगनमधल्या पाँटियॅकचं सिल्व्हरडोम त्याच पद्धतीनं बांधलं गेलं, आणि 3 एप्रिल 1982 रोजी मिनियापोलिसचं मेट्रोडोम खुलं झालं.

छताचा विस्तार सुमारे 10 एकर. बाहेरचा थर टेफ्लॉनचा लेप दिलेल्या काचतंतूंच्या कापडाचा, आतला थर आवाज शोषणारा. सगळ्याचं मिळून वजन सुमारे 260 टन. आकडा मोठा वाटतो, पण क्षेत्रफळानं भागलं तर चौरस मीटरला साडेसहा किलोच भरतात. एवढं वजन पेलायला बाहेरच्यापेक्षा हजारांश भागाहूनही कमी जादा दाब पुरतो. मात्र तो दाब अखंड हवा. त्यासाठी 90 अश्वशक्तीचे 20 पंखे बसवले होते. ये-जा फिरत्या दारांतून होई, कारण साधं दार उघडलं की कोंडलेली हवा वाट मिळेल तिथून सुसाट बाहेर पडे. सामना संपल्यावर दारं उघडली की प्रेक्षक अक्षरशः बाहेर ढकलले जात.

खरी गोम बर्फात होती. 43 सेंटिमीटर बर्फ साठला आणि तो भुसभुशीत असला, तरी चौरस मीटरला 40 किलोच्या आसपास भार येतो. म्हणजे छताच्या स्वतःच्या वजनाच्या सहापट. हा भार सगळीकडे सारखा पसरत नाही, तिथंच घोळ होतो. एका जागी कापड थोडं दबलं की आजूबाजूचा बर्फ घसरून तिथंच येतो, खड्डा आणखी खोल होतो, वितळलेलं पाणीही त्यातच साचतं आणि शेवटी कापड टरकतं. यावर उपाय दोन: दोन थरांच्या मधे गरम हवा सोडायची आणि छतावर माणसं चढवून गरम पाण्याच्या नळ्यांनी बर्फ वितळवायचा. दुसरा उपाय वाऱ्यापुढे हतबल ठरतो.

छताचा पहिला दगा उद्घाटनाआधीच, नोव्हेंबर 1981 मध्ये झाला. डिसेंबर 1982 मध्ये बर्फ काढणाऱ्या क्रेननंच ते फाडलं, तर एप्रिल 1983 मध्ये छत बसल्यामुळे बेसबॉलचा सामना पुढे ढकलावा लागला. सगळ्यात गाजली ती 12 डिसेंबर 2010 ची पहाट. आदल्या रात्री सोसाट्याच्या वाऱ्यामुळे कामगारांना खाली उतरवावं लागलं होतं. आतल्या कॅमेऱ्यांनी कापड फाटून बर्फाचा लोंढा मैदानावर कोसळताना टिपला. स्टेडियम रिकामं होतं, म्हणून निभावलं. व्हायकिंग्जचा न्यूयॉर्क जायंट्स संघाविरुद्धचा सामना डेट्रॉइटला हलवला गेला.

तरी याच छताखाली 1987 आणि 1991 च्या वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिका झाल्या, अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना असलेला 1992 चा सुपर बोलही झाला. बांधणीत वाचलेला पैसा पंखे, उष्णता आणि डागडुजीत वर्षानुवर्षं जात राहिला, एवढंच.

2014 मध्ये मेट्रोडोम पाडलं. त्याच जागी 2016 मध्ये खुलं झालेलं यू. एस. बँक स्टेडियम बंदिस्तच आहे, पण छत टणक आणि तीव्र उताराचं. त्याची दक्षिण बाजू पारदर्शक ईटीएफई प्लास्टिकची आहे. बर्फ उतारावरून घसरतो, कडेच्या तापवलेल्या पन्हळीत पडतो आणि तिथं वितळून वाहून जातो.