बेंटेक्सची ठुशी काळी पडते, त्यात अंगातल्या उष्णतेचा दोष नाही

गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंत लग्नसराईत हे हमखास ऐकू येतं. बेंटेक्सची ठुशी काळवंडली, गळ्यावर हिरवा डाग उठला, की आजी-मावश्यांचं निदान ठरलेलं: "हिचं अंगच उष्ण!" मग पोरीला सब्जाचं पाणी सुरू. ही समजूत चुकीची आहे, आणि तिच्यापायी मुलींना आपल्या शरीरातच काही खोट आहे असं वाटत राहतं, याचं मला फार वाईट वाटतं.

कारण असतं मुलाम्याखालच्या धातूत. ठुशी बहुधा पितळेची, म्हणजे तांबं आणि जस्त. वरचा सोनेरी थर केसाहूनही कितीतरी पातळ. घासून तो विरला की घामातलं मीठ थेट तांब्याला भिडतं आणि हिरवे क्षार तयार होतात. आपल्याकडची हवा आधीच खारी नि दमट, त्यामुळे घाटावरच्यापेक्षा हे लवकर घडतं. डाग साबणाने निघतो. खाज सुटली, पुरळ आलं, तर मात्र संशय निकेलचा. त्याची अॅलर्जी पुष्कळांना असते.

या दागिन्यांना 'खोटे' म्हणून हिणवणंही मला पटत नाही. अठराव्या शतकात लंडनचे घड्याळजी पिंचबेक यांचा तांबं-जस्ताचा सोनेरी मिश्रधातू गाजला. १८४० मध्ये एल्किंग्टन यांनी विजेने मुलामा चढवण्याचं पेटंट घेतलं, आणि १९२० च्या दशकात पॅरिसच्या फॅशन डिझायनर कोको शनेल नकली मोती खऱ्यांसोबत ऐटीत मिरवत होत्या.

अत्तर वाळल्यावरच ठुशी घाला. काढल्यावर मऊ कापडाने कोरडी करून घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा.