उभी गाडीच का तापते?

मे महिन्यात जोडून सुट्ट्या आल्या आणि बोरघाटात वाहतूक खोळंबली, की बॉनेट उघडून कडेला लावलेल्या गाड्या जागोजागी दिसू लागतात. यातील बऱ्याच गाड्या थोड्या वेळापूर्वी द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात ताशी ८० किलोमीटर वेगाने धावत होत्या आणि तेव्हा त्यांचा तापमानाचा काटा मध्यावरून हललाही नव्हता. धावताना थंड राहणारी गाडी उभ्या उभ्या का तापते, हे एकदा नीट कळले, की बिघाड शोधण्याचे निम्मे काम झालेले असते.

ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारी आणि लिटरला १६ किलोमीटर जाणारी पेट्रोलची गाडी तासाला ५ लिटर इंधन जाळते. तीच गाडी एसी लावून जागेवर चालू ठेवली, तर तासाला साधारण १ लिटर पेट्रोल लागते. इंधनातील ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवण्यासाठी त्यातून फिरणाऱ्या द्रवात जात असल्यामुळे हा द्रव गार करणाऱ्या समोरच्या जाळीदार रेडिएटरला उभ्या गाडीत सुमारे ३ किलोवॉट, म्हणजे न्हाणीघरातील इन्स्टंट गिझरइतकी उष्णता बाहेर टाकावी लागते. धावताना ती कितीतरी पटींनी वाढते, पण तेव्हा समोरून येणारा वारा ती फुकट वाहून नेतो. गाडी थांबली की वारा थांबतो आणि सगळा भार रेडिएटरच्या पंख्यावर येतो. म्हणून गाडी केवळ उभी असतानाच तापत असेल, तर संशय प्रथम हवेवर घ्यावा. याउलट वेगात किंवा चढावर तापत असेल, तर कूलंटच्या प्रवाहाकडे, म्हणजे वॉटर पंप, थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावरच कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप) आणि आतून चोंदलेल्या रेडिएटरकडे आधी वळावे.

आजच्या बहुतेक मोटारींत पंखा विजेवर चालतो. कूलंट साधारण ९५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले, की सेन्सरच्या संकेतावरून रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, जोडला जातो आणि पंखा सुरू होतो. एसी लावला तरी बहुतेक गाड्यांत तो फिरू लागतो आणि ही सोय तपासणीला फार उपयोगी पडते. एसी लावल्यावर पंखा फिरतो, पण इंजिन तापल्यावर फिरत नाही, तर पंख्याची मोटार ठीक आहे आणि दोष सेन्सरकडे किंवा त्याच्या जोडणीत असण्याचा संभव अधिक. दोन्ही वेळा फिरत नसेल, तर फ्यूज, रिले आणि शेवटी मोटार असा क्रम धरावा. इंजिन बंद केल्यानंतरही पंखा अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून हात दूर ठेवावा.

पंखा फिरतो एवढ्यावर समाधान मानू नये. वहीचा एक कागद समोरच्या जाळीपाशी धरावा. तो आत ओढला जाऊन जाळीला चिकटला पाहिजे. तो बाहेर फेकला गेला, तर दुरुस्तीच्या वेळी मोटारीच्या वायरी उलट जोडल्या गेल्या असाव्यात. तो नुसताच लोंबकळला, तर एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी पुढची जाळी) आणि त्यामागचा रेडिएटर यांच्यामधील फट पाहावी. धूळ, किडे आणि काडीकचरा तिथे नमद्यासारखा घट्ट बसतो आणि समोरून पाहिल्यास तो मुळीच दिसत नाही. माझ्या गाडीला एका गॅरेजात थर्मोस्टॅट आणि वॉटर पंप दोन्ही नवे बसवले गेले, तरी सिग्नलवर काटा चढतच राहिला. अखेर रेडिएटर उतरवला तेव्हा त्याच्या पातळ पत्र्यांवर (फिन्सवर) बोटभर थर निघाला. तापणाऱ्या गाडीचा थर्मोस्टॅट काढूनच टाकण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. मला ती अगदी चुकीची वाटते, कारण हवा अडलेली असताना त्याने काहीच साधत नाही आणि इंजिन योग्य तापमानाला यायला मात्र उशीर होतो.

कूलंटची पातळी अर्थातच पाहावी, पण इंजिन पूर्ण थंड असताना. पाणी आणि ग्लायकॉल यांचे समप्रमाणातील मिश्रण उघड्यावर सुमारे १०७ अंशांना उकळते. रेडिएटरचे झाकण आतला दाब वाढवून ही मर्यादा १२० अंशांच्या पुढे नेते. झाकणाची स्प्रिंग सैल झाली, तर कूलंट लवकर उकळते. आणि तापलेले झाकण उघडले, तर दाब एकदम उतरून आतले पाणी त्याच क्षणी वाफ होऊन तोंडावर उसळते. बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे भरल्यास नळ्यांत क्षार साचतात, ही वेगळीच डोकेदुखी.

वाटेत काटा चढू लागला, तर एसी बंद करून हीटर पूर्ण वेगाने लावावा. केबिनमधला तो छोटा रेडिएटरच इंजिनची काही उष्णता वाहून नेतो. काटा तांबड्या पट्ट्यात शिरला, तर मात्र गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करावे आणि त्यावर गार पाणी ओतू नये, कारण इंजिनचा वरचा भाग, म्हणजे ॲल्युमिनियमचे हेड, वाकू शकते. कूलंट कुठेही गळताना न दिसता कमी होत असेल, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर सतत येत असेल किंवा ऑइलचा रंग दुधाळ झाला असेल, तर हेड गॅस्केट (हेड आणि इंजिन यांच्यामधील सील) गेले असल्याची दाट शंका घ्यावी आणि गाडी न चालवता टो करूनच न्यावी.