हार्ड डिस्कमधलं पेव

तासगाव तालुक्यातल्या एका शाळेत मी दर शनिवारी मुलांना संगणक शिकवायला जातो. १२ जुने संगणक आहेत, सगळ्यांवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम. एप्रिलमधल्या एका शनिवारी वळवाचं वारं सुटलं आणि वीज गेली. नेमकं तेव्हाच तीन संगणकांवर अपडेट चालू होतं. वीज आल्यावर दोन नीट उठले. तिसऱ्याच्या काळ्या पडद्यावर पांढरी ओळ उमटली ती उमटलीच. गरजेच्या फाइली अर्ध्याच लिहून झाल्या होत्या, त्यामुळे मेनूतून जुनं कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, निवडूनही उपयोग झाला नाही. पुन्हा इन्स्टॉल करण्याचा पेनड्राइव्ह शोधायला गेलो, तर शिपाईमामा म्हणाले, "कपाटातच हुता की सर, कुणी नेला काय म्हाईत." शाळेच्या इंटरनेटवर ३ जीबीची फाइल उतरवायला रात्र पुरली नसती. मुलांचा तो आठवडा वाया गेला, याची मला फार रुखरुख लागली. तेव्हापासून मी प्रत्येक संगणकाचं बियाणं त्याच्या पोटातच पुरून ठेवतो.

पुरून ठेवणं म्हणजे काय, हे सांगलीकरांना सांगायला नको. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ हळदीची पेवं, म्हणजे जमिनीत खणलेली कोठारं, आहेत. तोंड अरुंद, पोट मोठं. तोंड लिंपून टाकलं की आत हवा खेळत नाही, किडीला जगता येत नाही आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. पेव रोज उघडायचं नसतं, म्हणूनच त्यातला माल टिकतो. रिकव्हरी पार्टिशन, म्हणजे सिस्टिम पुन्हा उभी करायचं सामान ठेवलेला डिस्कचा वेगळा भाग, मी असंच ठेवतो. संगणक सुरू झाला तरी ते आपोआप जोडलं जात नाही, त्यामुळे रोजच्या वापरातल्या कुठल्याही चुकीचा हात तिथवर पोचत नाही.

पार्टिशन म्हणजे डिस्कच्या आत भिंत असते, असं अनेकांना वाटतं. तशी भिंत नसते. संगणकाला डिस्क म्हणजे क्रमांक घातलेल्या खणांची एक लांबच लांब रांग दिसते. ५१२ बाइटचा एक खण धरला, तर ५०० जीबीच्या डिस्कवर असे ९७ कोटींहून जास्त खण भरतात. कुठल्या खणापासून कुठल्या खणापर्यंत कुठलं पार्टिशन, हे फक्त एका तक्त्यात लिहिलेलं असतं. बांध नांगरून गेला तरी गटाची हद्द मोजणीच्या नकाशावरून पुन्हा सापडते, तसंच हे. जुन्या पद्धतीत हा तक्ता डिस्कच्या पहिल्याच खणात, अवघ्या ६४ बाइटमध्ये बसवलेला असे. म्हणून त्यात चारच मुख्य नोंदी मावत. आजच्या जीपीटी पद्धतीत सहसा १२८ नोंदींची जागा असते आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. पहिली बिघडली तर दुसरीवरून हद्दी परत मिळतात. एखादं पार्टिशन फॉरमॅट करताना संगणक ही हद्द पाळतो, म्हणून शेजारचं शाबूत राहतं.

मी डिस्कचे तीन मोठे भाग करतो: एक सिस्टिमचा, एक मुलांच्या कामाचा म्हणजे होमचा आणि शेवटी ८ जीबीचं पेव. पेवात लिनक्स मिंटची इन्स्टॉल करण्याची आयएसओ फाइल (अख्ख्या इन्स्टॉल डिस्कची एकाच फाइलीतली प्रत) असते, आहे तशी, न उलगडता. कॉपी झाल्यावर तिचा शा-२५६ ठसा, म्हणजे फाइलीवरून गणितानं काढलेली ओळखखूण, मूळ ठशाशी ताडून पाहायचा. हा ठसा ६४ अक्षर-अंकांचा असतो आणि अब्जावधी बिटांपैकी एक जरी बदलला तरी तो पार वेगळा येतो.

मला सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते यापुढच्या टप्प्याचं. संगणक सुरू होताना लिनक्सच्या आधी ग्रब नावाचा छोटा प्रोग्राम जागा होतो. त्याला फाइल सिस्टिम वाचता येते. इतकंच काय, आयएसओ फाइलीच्या आत शिरून ती जणू वेगळी डिस्क आहे असं तिला हाताळताही येतं. याला लूपबॅक म्हणतात. ग्रब आयएसओमधून कर्नल आणि त्याची शिदोरी, म्हणजे त्याला सुरुवातीला लागणाऱ्या फाइली, उचलून मेमरीत ठेवतो आणि बाजूला होतो. पण जागं झालेल्या कर्नलला आपण कुठून आलो याचा पत्ता नसतो. म्हणून फाइलीची वाट ग्रबच्या त्याच ओळीत त्याला लिहून द्यावी लागते. ही वाट विसरली की कर्नल उठतो खरा, पण बाकीची सिस्टिम न सापडल्यानं अडून बसतो. पहिल्या दिवशी माझे दोन तास यातच गेले.

मेनूतल्या या नोंदीत पार्टिशन क्रमांकानं ओळखू नये, त्याला दिलेल्या नावानं ओळखावं. दुसरी डिस्क किंवा पेनड्राइव्ह लावला की क्रमांक बदलू शकतात. दुसरं म्हणजे ही नोंद सिस्टिमच्या भागात राहते, म्हणजे पुन्हा इन्स्टॉल करताना तीही पुसली जाते! पेव शाबूत, पण त्याच्या तोंडाची खूणच गेली. म्हणून त्या ओळींची एक प्रत पेवातच ठेवायची आणि नवी सिस्टिम उभी राहिली की पहिल्यांदा ती परत जागेवर नेऊन ग्रबचा मेनू नव्यानं बनवायचा.

इन्स्टॉल करतानाही जपावं लागतं. आयएसओ ज्या डिस्कवर आहे ती वापरात असते, त्यामुळे तिचा तक्ता बदलायला गेलात तर अडथळा येतो. हद्दी आधीच आखून ठेवलेल्या असल्या की फक्त सिस्टिमचा भाग फॉरमॅट करायचा असतो. मेमरी ८ जीबी असेल तर पूर्ण आयएसओ मेमरीत चढवून डिस्क मोकळीही करता येते. मात्र 'संपूर्ण डिस्क पुसा' हा पर्याय चुकूनही निवडू नये. त्यानं पेवही जातं आणि मुलांचं कामही. आम्ही ही ताकीद प्रत्येक मॉनिटरच्या कडेला चिकटवली आहे.

२००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांमध्ये पाणी शिरलं आणि हळद सडली. डिस्कमधल्या पेवाचंही असंच आहे. सिस्टिम बिघडली तर ते तारतं, पण डिस्कच गेली तर सिस्टिमबरोबर तेही जातं. म्हणून शाळेत आता दोन पेनड्राइव्ह आहेत, एक कपाटात आणि एक मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात. मुलांच्या कामाची प्रत दर शनिवारी एका बाहेरच्या डिस्कवर निघते आणि ती डिस्क मिरजेला माझ्या बहिणीच्या घरी असते.