पेपर देणं वेगळं, पेपर सोडवणं वेगळं

बारावी बोर्डाचा शेवटचा पेपर संपला की सोलापुरातल्या अभ्यासिकांत सीईटीची, म्हणजे राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षेची, तयारी करणाऱ्यांत एकच प्रश्न फिरतो: सीईटीच्या गणिताचे किती पेपर झाले? कुणी वीस सांगतो, कुणी चाळीस. चाळीसवाल्याकडे बाकीचे जरा दबकून बघतात. पण या ‘झाले’ शब्दात दोन निराळी कामं कोंबलेली असतात. काही पेपर दिलेले असतात, काही सोडवलेले असतात, आणि बरेचसे धड दिलेलेही नसतात आणि धड सोडवलेलेही नसतात. गुण अडकतात ते या तिसऱ्या गठ्ठ्यात.

प्रश्न तेच, रफ वही तीच, बसायची जागाही तीच, म्हणून ही दोन कामं एकच वाटतात. पेपर देणं म्हणजे मोजमाप. घड्याळ लावायचं, मध्ये उठायचं नाही, आणि आज आपण कुठे आहोत एवढंच बघायचं. पेपर सोडवणं म्हणजे दुरुस्ती. तिथे घड्याळ नसतं, एका प्रश्नावर अर्धा तास गेला तरी चालतो, आणि गुणांना काही अर्थ नसतो. चादर कितीदाही मोजली तरी लांब होत नाही. त्यासाठी मागावरच बसावं लागतं.

देण्याच्या अटी परीक्षेसारख्या तंतोतंत हव्यात, नाहीतर मोजमाप खोटं निघतं. एमएचटी-सीईटीच्या (सीईटीचं हे पूर्ण नाव) पीसीएम, म्हणजे भौतिक-रसायन-गणित, गटात गणिताचे ५० प्रश्न असतात, प्रत्येकी २ गुण, वेळ ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी १०८ सेकंद. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. साधारण २० टक्के भाग अकरावीचा आणि ८० टक्के बारावीचा, म्हणजे दहाएक प्रश्न सरळ रेषा, वर्तुळ, त्रिकोणमिती, क्रमचय-संचय, लिमिट अशा अकरावीच्या प्रकरणांतून येतात. हे पुष्कळ जण मार्चमध्ये विसरलेले असतात.

आता यातली सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट. गणिताचा भाग पहिला उघडत नाही. आधी भौतिक-रसायनशास्त्राचे १०० प्रश्न, ९० मिनिटं. तो भाग बंद झाल्यावर गणित. पहिल्या भागात वाचवलेली मिनिटं गणिताला मिळत नाहीत, आणि गणित सुरू होतं तेव्हा डोकं दीड तास राबलेलं असतं. सकाळी सहाला ताज्या डोक्याने नुसत्या गणिताची टेस्ट दिली तर जो आकडा येतो, तो परीक्षेच्या दिवशी येईलच असं नाही. म्हणून पूर्ण मोजमाप हवं असेल तर तीन तासांची बैठक मारावी, आणि त्यातल्या निम्म्या बैठका दुपारच्या ठेवाव्यात. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा सहज चाळिशीपार जातो. दुपारचं सत्र वाट्याला आलं तर जेवण, प्रवास आणि घाम यांनंतर डोकं कसं चालतं हे आधी कळलेलं बरं. (त्या दिवशी दुपारी कडक भाकरी आणि शेंगा चटणी भरपेट नको. एरवी काही म्हणणं नाही.)

दुसरी अट पडद्याची. ही परीक्षा संगणकावर होते. प्रश्न वर पडद्यावर, आकडेमोड खाली कागदावर, आणि मान सतत वर-खाली. या ये-जा करण्यातच चिन्हं गळतात, उणेचा अधिक होतो. मोबाईलवर लोळून दिलेल्या टेस्टमध्ये ही चूक दिसतच नाही, कारण तिथे मुलं निम्मी आकडेमोड मनात करतात आणि पर्यायावरून अंदाज बांधतात. लॅपटॉप किंवा डेस्कटॉप, माऊस, कोरे कागद, पेन. कॅल्क्युलेटर अजिबात नाही. घरी संगणक नसेल तर आठवड्यातून एकदा सायबर कॅफेत तीन तास बसण्याचे पैसे सत्कारणी लागतात.

देताना एक छोटी सवय लावून घ्या, तिच्यावर पुढचं सगळं उभं आहे. ज्या प्रश्नाचं उत्तर खात्रीने आलं नाही, दोन पर्यायांत अडकलात किंवा सरळ तुक्का मारला, त्याचा क्रमांक कागदावर लिहून शेजारी ठिपका द्या. तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ खाल्लेल्या प्रश्नाला फुली. एवढंच. कारण निकालात बरोबर आलेला तुक्का आणि बरोबर आलेलं ज्ञान एकसारखेच हिरवे दिसतात.

समजा, ५० पैकी ३१ बरोबर आले, ६२ गुण. त्यातल्या ७ प्रश्नांवर ठिपका होता. मग पक्का साठा २४ प्रश्नांचा, ४८ गुणांचा. वरचे १४ गुण पुढच्या वेळी येतील की नाही याचा भरवसा नाही. ठिपके नसतील तर मुलगा ‘बासष्ट पडतात मला’ असं घरी सांगतो आणि पुढच्या पेपरात ५२ पडले की सगळं घर हबकतं. खरं तर त्यात हबकण्यासारखं काही नसतं. ज्याला साधारण साठ टक्के प्रश्न जमतात, त्याचा निकाल ५० प्रश्नांच्या पेपरात निव्वळ योगायोगाने तीन-चार प्रश्नांनी इकडे-तिकडे होतोच. म्हणजे सहा-सात गुण. एका टेस्टवरून आनंद नको आणि सुतकही नको. तीन टेस्टची सरासरी धरा. त्याही एकाच ठिकाणच्या असाव्यात, कारण प्रत्येकाच्या पेपरची काठिण्यपातळी वेगळी असते. क्लासच्या यादीतलं पर्सेंटाइल तर बाजूलाच ठेवा: ते त्या क्लासमधल्या मुलांतलं स्थान आहे, सीईटीला बसलेल्या सगळ्या मुलांतलं नाही.

मोजमाप इथे संपलं. बहुतेकांचा अभ्यासही इथेच संपतो, आणि दुसऱ्या दिवशी नवा पेपर लावला जातो. खरं काम आता सुरू व्हायला हवं.

सोडवायला बसायचं ते शक्यतो त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. दीड तासाच्या गणिताला किमान तीन तास सोडवण्याचे धरा. उत्तरसूचीतलं स्पष्टीकरण लगेच उघडायचं नाही. चुकलेले, ठिपक्याचे आणि फुलीचे प्रश्न पुन्हा कोऱ्या कागदावर घ्या. प्रत्येकाला दहा-पंधरा मिनिटं द्या. यातले बरेच प्रश्न घड्याळ नसल्यामुळेच सुटतात, आणि ही माहिती फार मोलाची आहे: तिथे गणित येतं, वेग येत नाही. जे तरीही सुटत नाहीत, तेवढ्यांचंच स्पष्टीकरण वाचा, ते मिटवा आणि मग न बघता पूर्ण उतरवा. स्पष्टीकरण वाचून ‘हां, कळलं’ म्हणणं हा या सगळ्यातला सर्वांत महागडा भ्रम. वाचताना सगळंच कळतं.

वरच्या उदाहरणातले चुकलेले १९ प्रश्न वेगवेगळे करून बघू. त्यांत ७ प्रकरणच न आल्यामुळे, ५ आकडेमोडीत, ३ प्रश्न चुकीचा वाचल्यामुळे आणि ४ वेळ न पुरल्यामुळे गेले असतील, तर चारही ठिकाणी औषध वेगळं लागतं. पहिल्या सातांसाठी पेपर बाजूला ठेवून पाठ्यपुस्तकाकडे जायचं. आणखी दहा टेस्ट दिल्या तरी ते प्रकरण आपोआप यायचं नाही. वेळेअभावी गेलेल्या चारांचा इलाज मात्र देण्यातच आहे, सोडवण्यात नाही.

आकडेमोडीच्या चुकांना मुलं ‘सिली मिस्टेक’ म्हणून सोडून देतात. त्या बहुतेकदा ठराविक असतात. हे वर्तुळ घ्या: क्ष² + य² − ६क्ष + ४य − १२ = ०. केंद्र (३, −२), त्रिज्या √(९ + ४ + १२) = ५. घाईत केंद्र (−३, २) लिहिलं जातं, नाहीतर −१२ चं चिन्ह न बदलता √(९ + ४ − १२) = १ काढलं जातं. आणि १ हाही पर्यायांत असतो! पेपर काढणाऱ्याला ही चूक तुमच्याआधीपासून माहीत आहे. त्यामुळे उत्तर पर्यायांत सापडलं म्हणजे ते बरोबर, असं कधीच समजू नये. चुकांच्या वहीत ‘सिली’ लिहू नका; ‘वर्तुळ: अचल पदाचं चिन्ह’ असं लिहा. तीन पेपरांनंतर तेच वाक्य तिसऱ्यांदा लिहायची वेळ आली की हात आपोआप थांबतो.

वाचण्याच्या चुका मराठी माध्यमातून आलेल्या मुलांच्या जास्त होतात, त्याचं कारण सरळ आहे: सीईटीत भौतिक-रसायन मराठीतून घेता येतं, गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो. तीन नाणी उडवली तर ‘ॲट लीस्ट वन’ छाप म्हणजे किमान एक, उत्तर ७/८. ‘ॲट मोस्ट वन’ म्हणजे जास्तीत जास्त एक, उत्तर १/२. ‘एक्झॅक्टली वन’ म्हणजे नेमका एक, ३/८. तिन्ही उत्तरं एकाच प्रश्नाच्या पर्यायांत सुखाने नांदतात. असे वीस-पंचवीस शब्द वहीच्या शेवटच्या पानावर मराठी अर्थासह लिहून काढले की हा झरा बराचसा आटतो.

सोडवण्याचा दुसरा अर्धा भाग म्हणजे प्रश्न हलवून बघणं. शून्य ते पाय (π) भागिले दोन या मर्यादांतलं ते नेहमीचं संकलन (इंटिग्रेशन) सगळ्यांना पाठ असतं: वर साइनचं वर्गमूळ, खाली साइनचं वर्गमूळ अधिक कॉसचं वर्गमूळ, उत्तर पाय भागिले चार. पाच सेकंदांत खूण केली जाते. आता मर्यादा बदला: पाय भागिले सहा ते पाय भागिले तीन. पाठ करणारा पुन्हा पाय भागिले चारच लिहितो. मूळ कळलेला जाणतो की क्षच्या जागी ‘दोन्ही मर्यादांची बेरीज वजा क्ष’ ठेवलं की अंश आणि छेदातलं दुसरं पद जागा बदलतात, दोन्ही संकलनांची बेरीज १ चं संकलन होते, म्हणून उत्तर मर्यादांमधल्या फरकाच्या निम्मं: पाय भागिले बारा. दिलेल्या पेपरातल्या प्रत्येक चुकलेल्या प्रश्नात एक आकडा, एक चिन्ह किंवा एक मर्यादा बदलून तो पुन्हा सोडवला तर एका पेपरचे दीड पेपर होतात. मग तेच प्रश्न तीन दिवसांनी आणि साधारण दहा दिवसांनी परत, न बघता. तिन्ही वेळा सुटला तर वहीतून काट मारायची.

आता हा फरक न पाळल्याने होणारं मोठं नुकसान. कोरा पेपर एकदाच कोरा असतो. तोच पेपर आठ दिवसांनी पुन्हा ‘दिला’ तर गुण वाढतातच, पण ती वाढ आठवणीची असते. सोडवायला जुना पेपर कितीही वेळा चालतो. द्यायला न पाहिलेलाच लागतो. सगळ्यांत जास्त नासाडी मागच्या वर्षांच्या खऱ्या पेपरांची होते. अकरावीपासून प्रकरणवार पुस्तकांतून हे प्रश्न सोडवले जातात, आणि एप्रिलमध्ये तेच प्रश्न अख्खा पेपर म्हणून घड्याळ लावून दिले जातात. ७८ पडतात, घरात पेढे वाटले जातात, आणि खऱ्या परीक्षेत ५४. मुलगा घाबरला म्हणून नाही. त्याने आधी मोजलं होतं तेच चुकीचं होतं. म्हणून अलीकडच्या सत्रांतले चार-पाच पेपर न उघडता बाजूला ठेवावेत. त्यांचे स्पष्टीकरणाचे व्हिडिओसुद्धा बघू नयेत.

किती द्यायचे आणि किती सोडवायचे, याचं प्रमाण दिवस बघून बदलतं. बोर्डाच्या आधी पंधरा दिवसांत एक पूर्ण पेपर पुरे, बाकी वेळ प्रकरणवार सोडवणं. बोर्ड संपल्यावर आठवड्याला दोन, मधले दिवस दुरुस्तीचे. आठवड्याला पाच-सहा देणाऱ्याकडे सोडवायला वेळच उरत नाही, हे त्याच्या वहीकडे बघून लगेच कळतं: ती कोरी असते. देताना पहिल्या चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत सरळ प्रश्नांची फेरी पूर्ण करा, मग अर्धा तास मधल्यांना, उरलेला वेळ हट्टी प्रश्नांना, आणि शेवटच्या तीन मिनिटांत एकही प्रश्न रिकामा राहता कामा नये. आठ प्रश्न मोकळे सोडले तर शून्य. चारांतला एक डोळे झाकून निवडला तरी सरासरीने दोन बरोबर, ४ गुण.

जेईई मेनला, म्हणजे अभियांत्रिकीच्या देशपातळीवरच्या प्रवेशपरीक्षेला, हीच सवय जशीच्या तशी नेऊ नका. तिथे गणिताचे २५ प्रश्न, बरोबरला ४, चुकीला वजा १. वेळ तीन विषयांना मिळून तीन तास. तो वाटायचं काम तुमचं. पर्यायी प्रश्नात दोन पर्याय खात्रीने बाद झाले तर खूण करणं फायद्याचं. संख्या लिहायच्या पाच प्रश्नांत मात्र तुक्क्याला जागा नाही. पहिलं सत्र जानेवारीत असतं, सोलापुरात होम मैदानावर सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते त्याच महिन्यात, तेव्हा त्याचे पूर्ण पेपर डिसेंबरमध्येच द्यायला लागतात.

परीक्षेच्या आधीच्या शेवटच्या आठवड्यात राखून ठेवलेले दोन कोरे पेपर द्यावेत, दुसरा किमान तीन दिवस आधी, म्हणजे तो सोडवायला वेळ मिळतो. शेवटच्या दोन दिवशी नवा पेपर नको. वहीत काट न पडलेले प्रश्न घ्यावेत. तोवर ते तीस-चाळीसच उरलेले असतात.