हजार विड्या आणि मेंदूचा वाफसा

आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या अक्कांच्या अंगावरून गेल्या पावसाळ्यात वारं गेलं. सोलापूरच्या पूर्व भागात अर्धांगवायूला अजूनही असंच म्हणतात. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला, जीभ जड झाली. चाळीस वर्षं रोज हजार विड्या वळणारा हात मांडीवर नुसता पडून राहू लागला. पुढे बोलणं सुधारलं, काठी घेऊन चालणंही जमू लागलं, पण हात होता तसाच. त्यांच्या मुलानं मला विचारलं, "फिजिओवाले रोज येतात, शेक देतात, करंट लावतात, हात वरखाली करून देतात. मग हात का येत नाही?"

त्या प्रश्नानं मला बरंच वाचायला लावलं. उत्तर बरंचसं एका आकड्याशी येऊन थांबतं, आणि तो आकडा अक्का जन्मभर मोजत आल्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे अक्कांचा हात बिघडलेलाच नाही. हाडं, सांधे, स्नायू, दंडातून बोटांपर्यंत गेलेल्या नसा सगळं जागच्या जागी आहे. बिघाड डोक्यात आहे, आणि तोही डाव्या बाजूला. हालचालीचा हुकूम नेणारे बहुतेक तंतू मेंदूच्या बुडाशी, दहावीच्या पुस्तकातल्या मस्तिष्कपुच्छापाशी बाजू बदलतात. त्यामुळे डाव्या मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की उजवं अंग जातं. मेंदूच्या पृष्ठभागावर, कानाच्या वरून टाळूकडे जाणाऱ्या पट्ट्यात हालचालींचा एक नकाशा असतो. कॅनडातल्या माँट्रियलमध्ये वाइल्डर पेनफिल्ड या शल्यविशारदानं शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या असलेल्या रुग्णांच्या मेंदूला विजेचा अगदी हलका स्पर्श करत तो मांडला. त्यात पाठ आणि पोट यांच्या वाट्याला चिंचोळी जागा येते, हाताला मात्र ऐसपैस. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, टोक दुमडून दोरा बांधायचा, हे सगळं डोळ्यांचं पातं लवतं न लवतं तोवर करणाऱ्या बोटांना तेवढी जागा लागणारच.

नकाशा म्हटला की कायमचा, अशी आपली समजूत असते. विसाव्या शतकाचा मोठा भाग वैद्यकाचीही तीच होती, की मोठ्या माणसाच्या मेंदूतली तुटलेली वाट तुटलीच. १९९६ साली रॅन्डॉल्फ नुडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग मला म्हणूनच फार मोलाचा वाटतो. स्क्विरल मंकी जातीच्या छोट्या माकडांच्या मेंदूत हाताच्या जागेतला एक लहानसा तुकडा त्यांनी निकामी केला. आधीच्या प्रयोगांत असं दिसलं होतं की नंतर काहीच सराव दिला नाही तर शेजारची, मुळात धडधाकट असलेली हाताची जागाही आक्रसते. रान पडीक ठेवलं की शेजारी बांध सरकवतो, तसंच. या प्रयोगात मात्र माकडांना छोट्या खळग्यांतून खाऊच्या गोळ्या काढायचा सराव रोज दिला. तेव्हा उरलेली हाताची जागा टिकली, आणि काही माकडांत तर ती कोपर-खांद्याच्या जागेत पसरली. म्हणजे इजा झाल्यावर मेंदूत जे घडतं, ते नंतरच्या दिवसांत हातानं काय केलं यावरही ठरतं.

हातानं काय केलं नाही, याचीही एक गोष्ट आहे. अमेरिकेत एडवर्ड टॉब यांनी माकडांच्या एका हाताची संवेदना नेणाऱ्या नसा मणक्यापाशी कापल्या. हुकूम नेणाऱ्या नसा शाबूत होत्या, तरी माकडं तो हात वापरायची थांबली. मग टॉब यांनी चांगला हात बांधून ठेवला, तर 'गेलेला' हात काम करू लागला! त्यांनी याचा लावलेला अर्थ असा: सुरुवातीच्या दिवसांत धक्क्यामुळे हात खरोखरच हलत नाही. माकड प्रयत्न करतं, घास पडतो. दुसऱ्या हातानं भागतं. पुढे धक्का ओसरतो, पण तोवर तो हात वापरायचा नाही हे माकड शिकून बसलेलं असतं. या माकडांच्या हालअपेष्टांवरून १९८१ साली मोठं प्रकरण झालं, ते कोर्टात गेलं, आणि त्या आक्षेपात तथ्य होतं असंच मला वाटतं. पण त्यातून निघालेल्या ज्ञानावर पुढे माणसांची उपचारपद्धत उभी राहिली. चांगल्या हाताला दिवसाचा बहुतेक वेळ जाड मोजा घालून ठेवायचा, आणि दुबळ्या हाताकडून रोज कित्येक तास काम करवून घ्यायचं, असं दोन आठवडे. २००६ साली २२२ रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल आले. झटका येऊन तीन ते नऊ महिने झालेल्या आणि मनगट-बोटं थोडी तरी उचलू शकणाऱ्या या रुग्णांना नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक फायदा झाला, आणि तो वर्षभरानंतरही टिकून होता.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. सरावानं नेमकं काय बदलतं?

दोन चेतापेशी जिथे भेटतात त्या संपर्कस्थानी एक सूक्ष्म फट असते. अलीकडची पेशी फटीत ग्लुटामेट नावाचं रसायन सोडते. पलीकडच्या पेशीवर ते पकडणारी दोन प्रकारची दारं असतात. एएमपीए नावाचं दार ग्लुटामेट लागताच उघडतं, सोडियम आत जातं, निरोप पोचतो. दुसरं दार एनएमडीए. त्याच्या तोंडात मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा बसलेला असतो. नुसतं ग्लुटामेट येऊन ते उघडत नाही. पलीकडची पेशी त्याच क्षणी आधीच चेतलेली असेल, तिच्या आतला ऋण विद्युतभार कमी झालेला असेल, तरच बूच उडतं. मग कॅल्शियम आत शिरतं, आणि त्याच्या इशाऱ्यावर त्या जागी आणखी एएमपीए दारं बसवली जातात. पुढच्या वेळी तेवढ्याच ग्लुटामेटनं मोठा निरोप जातो. ही बळकटी पुढे तासन्‌तास टिकू शकते. सशाच्या मेंदूत ती टिमोथी ब्लिस आणि टेर्ये लोमो यांनी दाखवली. त्यांचा शोधनिबंध १९७३ चा. नंतर उंदरांना एकाच पंजानं दाणे उचलायला शिकवलं, तेव्हा त्यांच्या मेंदूतली तो पंजा चालवणाऱ्या, म्हणजे विरुद्ध बाजूचीच संपर्कस्थानं बळकट झालेली आढळली.

इतकं खोलात शिरलो, कारण मुलाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या बुचात आहे. बूच उडायला दोन्ही बाजू एकाच वेळी जाग्या असाव्या लागतात. दुसरं कुणी अक्कांचा हात वरखाली करतं, तेव्हा सांध्याकडून मेंदूकडे खबर जाते, पण मेंदूकडून हाताकडे हुकूम निघत नाही. अशा व्यायामानं सांधे आखडत नाहीत, म्हणून तो हवाच. शेकानं आखडलेपणा सैल पडतो. करंटचंही तसंच: रुग्ण स्वतः बोटं उघडायला जीव तोडून प्रयत्न करतोय आणि त्याच क्षणी करंट साथ देतोय, तर त्याचा उपयोग. टीव्ही बघत पंधरा मिनिटं चिकटवून ठेवलेला करंट हाताला काही शिकवत नाही. रबरी चेंडू दाबत बसण्याचंही तेच. मूठ वळणं बहुतेकांना लवकर येतं, अडतं ते मूठ उघडणं. चेंडू दाबून अडलेल्या गोष्टीचा सराव होतच नाही.

आणि आता तो आकडा. कॅथरीन लँग यांच्या गटानं अमेरिका आणि कॅनडातली पुनर्वसन-उपचारांची ३१२ सत्रं बसून मोजली. हाताची प्रत्यक्ष कामाची हालचाल एका सत्रात सरासरी किती वेळा होत होती? ३२. प्रयोगातले प्राणी दिवसाला चारशे-सहाशे वेळा तीच हालचाल करत होते. अक्कांनी हात घडवला तो रोज हजारानं. विड्यांची मजुरीच हजारी दरानं मिळते, त्यामुळे हजाराच्या आत दिवस संपत नाही. (तंबाखूच्या धुळीत मान मोडून बसण्याचं मी कौतुक करत नाही, त्या कामानं या बायकांचं बरंच काही नेलं आहे.) पण हाताची घडण काय मागते, हे त्या हजारावरून कळतं. बत्तीस वेळांनी तो परत येईल कसा?

इथे एक पाऊल मागे घ्यायला हवं. २०१६ साली लँग यांनीच ८५ रुग्णांवर आणखी एक चाचणी केली. झटका येऊन सहा महिने उलटलेले हे लोक. कुणाला एकूण ३,२०० वेळा, कुणाला ६,४००, कुणाला ९,६०० वेळा सराव. सुधारणा थोडी झाली, पण जास्त आकड्यानं जास्त फायदा असं दिसलं नाही. म्हणजे नुसता आकडा पुरत नाही. तो कधी, हेही आलं.

आपल्याकडे मालदांडी ज्वारी पेरणारा शेतकरी पाऊस पडला की लगेच तिफण घालत नाही. चिखलात पेरलं तर बी कुजतं, उशीर केला तर ओल उडते. मधली जी नेमकी स्थिती, ती वाफसा. मेंदूलाही वाफसा असतो. २०१५ साली २,१०४ रुग्णांवरच्या एका मोठ्या चाचणीत झटका आल्यापासून चोवीस तासांच्या आत रुग्णांना पलंगावरून खाली उतरवून वारंवार उभं करायला, चालवायला सुरुवात केली. तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत असलेले त्यांच्यात ४६ टक्के निघाले, नेहमीच्या शुश्रूषेत ५० टक्के. घाई अंगाशी आली. २०२१ साली अलेक्झांडर ड्रोमरिक यांच्या गटानं ७२ रुग्णांवरच्या चाचणीत वेगवेगळ्या गटांना वेगवेगळ्या टप्प्यांवर हाताचा २० तास जादा सराव दिला. सर्वांत जास्त फायदा दोन ते तीन महिन्यांच्या टप्प्यावर झाला, आणि सहा महिन्यांनंतर दिलेल्यांत तो दिसला नाही. उंदरांमध्ये या मागचं थोडं कारणही सापडलं आहे. इजेच्या आसपासच्या पेशींना गाबा नावाच्या रसायनाचा लगाम लागतो. तो पहिल्याच तासांत सैल केला तर इजा वाढते, काही दिवसांनी केला तर हालचाल सुधारते.

आणि नेमकी वेळच आपण घालवतो, तीही पहिल्या तासांपासून. अक्का पडल्या त्या सकाळी कुणीतरी कबुतर कापून त्याचं गरम रक्त हाताला चोळायचं सुचवलं, आणि घरचे लोक ते आणायला धावले. गुठळीनं आलेल्या झटक्यात ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत, तेही सीटी स्कॅन करून द्यावं लागतं. कबुतर शोधण्यात दुपार झाली. हे लिहिताना आजही मला राग येतो. रक्त कबुतराचं असो की आणखी कशाचं, कातडीवर चोळलेलं मेंदूपर्यंत पोचत नाही. स्टेम सेलच्या नावाखाली लाखो रुपये घेऊन हात परत आणून देतो म्हणणाऱ्या जाहिरातीही याच माळेतल्या. अर्धांगवायूसाठी तो सिद्ध झालेला उपचार नाही.

मग घरच्यांनीच सराव करून घेतला तर? भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर हे तपासलं गेलं, निकाल २०१७ साली आला. घरच्यांना काही दिवस शिकवलं, नंतर घरी मोजक्या भेटी दिल्या. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन दोन्ही गटांत सारखंच, ४७ टक्के. घरच्यांची माया कमी पडली असं मी याचं वाचन करत नाही. पुनर्वसन हा कौशल्याचा भाग आहे, आणि चार दिवसांच्या शिकवणीवर तो घरच्यांच्या गळ्यात टाकता येत नाही, असं करतो. मुंबईत हाजी अलीला या शाखेची केंद्र सरकारची संस्था १९५५ पासून आहे. पण जिल्ह्याच्या गावात बहुतेकांच्या वाट्याला येतो तो शेक, करंट आणि अर्धा तास.

अक्कांचे सहा महिने उलटायला आले होते, म्हणून मोठं काही मी बोललो नाही. फिजिओवाल्या दादांशी मुलाचं बोलणं करून दिलं. शेक-करंटचा वेळ त्यांनी कमी केला. डाव्या हातात मोजा घातला. सुपात शेंगदाणे ठेवले. उजव्या हातानं एकेक उचलून पातेल्यात टाकायचा, आणि टाकताना बोटं पूर्ण उघडायची. पहिल्या दिवशी अकरा झाले, त्यातले चार जमिनीवर पडले. उजवा हात धरून अक्कांना उठवायचं नाही, हेही दादांनी घरात सगळ्यांना बजावलं, कारण लुळ्या खांद्याचा सांधा ओढल्यानं निसटतो.

काल संध्याकाळी मी गेलो तेव्हा अक्का सुपाशीच बसल्या होत्या. किती झाले विचारलं, तर त्यांनी हिशेब त्यांच्या सवयीनं, पंचवीसच्या कट्ट्यांत सांगितला. "सहा कट्टे झाले. सातवा चालू आहे, थांब जरा, मोजणी चुकेल."